खेळाला इंजिन कोणते जोडावे?

अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर आणि अमरावती जिल्ह्यातील अचलपूर यांच्यामध्ये अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून एक छोटी रेल्वेगाडी धावत असे. तिचे नाव शकुंतला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने वऱ्हाडातला कापूस मुंबईकडे नेण्यासाठी हा मार्ग उभारला. मूर्तिजापूर ते अचलपूर हे अंतर ७६ किलोमीटर. दर्यापूर, अंजनगाव अशी गावे घेत गाडी रमतगमत जात असे. गेली काही वर्षे ती बंद आहे. तुमच्या दादा-दादींनी किंवा नाना-नानींनी तिच्यातून प्रवास केला असेल, तर त्यांना विचारा. ते पुष्कळ सांगतील.

या मार्गावर १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले वाफेचे इंजिन जवळजवळ सत्तर वर्षे धावले. १५ एप्रिल १९९४ रोजी ते काढून घेण्यात आले आणि त्याच्या जागी डिझेलचे इंजिन आले. रूळ तेच राहिले, स्थानके तीच राहिली, प्रवासीही तेच. फक्त पुढचे इंजिन बदलले आणि गाडी पुन्हा चालू लागली.

आता समजा, या शकुंतलेवर तुम्हांला संगणकाचा एक खेळ तयार करायचा आहे. खेळणाऱ्याने गाडी मूर्तिजापूरहून अचलपूरला न्यायची. वाटेत रुळांवर गाय आली तर गाडी थांबवायची, प्रत्येक स्थानकावर प्रवासी घ्यायचे आणि वेळेत पोहोचायचे. अशा खेळालाही इंजिन लागते. त्याला गेम इंजिन म्हणतात. पण या इंजिनाची एक गोष्ट रेल्वेपेक्षा निराळी आहे. येथे मध्येच इंजिन बदलले, तर बहुतेक डबे नव्याने बांधावे लागतात. म्हणून ते जोडण्यापूर्वी विचार करावा लागतो. हा विचार कसा करावा, ते या पाठात पाहू.

प्रथम गेम इंजिन म्हणजे काय, ते समजून घ्या. पडद्यावर गाडी चालताना दिसते, तेव्हा प्रत्यक्षात ती चालत नसते. संगणक एका सेकंदात साधारणपणे ६० चित्रे काढतो आणि प्रत्येक चित्रात गाडी किंचित पुढे सरकवतो. म्हणजे एका चित्रासाठी त्याला एका सेकंदाचा साठावा भागच मिळतो. तेवढ्या अवधीत त्याला पुष्कळ कामे उरकावी लागतात. कळफलकावरचे कोणते बटन दाबले गेले? गाडी आणि गाय यांची टक्कर झाली का? शिट्टी वाजवायची का? पुढचे चित्र कसे काढायचे? ही कामे प्रत्येक खेळात सारखीच असतात, मग तो खेळ रेल्वेचा असो की क्रिकेटचा. ही नेहमीची कामे करून देणारा तयार संच म्हणजे गेम इंजिन. गाडी कोणती, गाय कधी येणार, अंजनगावला किती प्रवासी चढणार, हे मात्र तुम्हीच ठरवायचे असते. इंजिन ओढते, डब्यात काय भरायचे ते त्याला ठाऊक नसते.

‘इंजिन’ हा शब्द या अर्थाने रूढ झाला तो १९९० नंतरच्या दशकात. १९९३ साली अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने ‘डूम’ नावाचा खेळ काढला. त्याची आज्ञावली लिहिणाऱ्यांत जॉन कार्मॅक हे प्रमुख होते. त्यांनी खेळ चालवणारा भाग आणि खेळातील चित्रे, आवाज, नकाशे हा भाग वेगवेगळा ठेवला. त्यामुळे दुसऱ्यांना तेच इंजिन घेऊन नवे खेळ बांधता आले. पुढे इंजिन तयार करून ते इतरांना वापरायला देणे हाच मोठा व्यवसाय झाला.

आज अशी इंजिने पुष्कळ आहेत. बाजारात गेल्यावर सगळी कापडे चांगलीच दिसतात, तसेच येथेही होते. ज्याला विचाराल तो आपलेच इंजिन उत्तम म्हणून सांगतो. म्हणून आधी इंजिनाकडे पाहू नका, स्वतःच्या खेळाकडे पाहा. वहीचे एक पान घ्या आणि खेळात काय काय हवे ते लिहून काढा. शकुंतलेच्या खेळाचे पान असे होईल : गाडी बाजूने दिसेल, म्हणजे चित्र सपाट असेल; ती एकाच दिशेने जाईल; टक्कर होते की नाही ते कळले पाहिजे; पाच-सहा आवाज हवेत; स्थानकांची नावे उर्दूत आणि मराठीत दिसली पाहिजेत; शाळेतल्या संगणकावर खेळ चालला पाहिजे. एवढेच. या पानात डोंगरावर पडणारे ऊन नाही की वाऱ्याने हलणारे गवत नाही.

हेच पान दुसऱ्या खेळासाठी वेगळे होईल. अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्यात नरनाळ्याचा किल्ला आहे. त्याचा महाकाली दरवाजा नक्षीकामासाठी आणि त्यावर कोरलेल्या अक्षरांसाठी प्रसिद्ध आहे. खेळणारा त्या दरवाजातून आत शिरतो, मान वर करून नक्षी पाहतो, तटावरून फिरतो, असा खेळ करायचा असेल तर लांबी, रुंदी आणि उंची या तिन्हींचा विचार करणारे इंजिन लागेल. हे काम सपाट खेळाच्या कितीतरी पट अवघड असते, कारण दरवाजाचा प्रत्येक दगड सर्व बाजूंनी घडवावा लागतो. पहिल्याच वेळी त्याच्या वाटेला जाऊ नये, असे मला वाटते. किल्ला कोठे पळून जात नाही.

आता आपल्याच राज्यातील दोन उदाहरणे पाहा. नवी मुंबईच्या गेमेशन या कंपनीने २०१६ साली ‘लुडो किंग’ हा खेळ काढला. घरोघरी पाटावर खेळला जाणारा लुडो त्यांनी मोबाइलवर आणला आणि तो कोट्यवधी लोकांनी घेतला. त्यासाठी त्यांनी युनिटी हे इंजिन वापरले. त्यांना खेळ निरनिराळ्या प्रकारच्या मोबाइलवर, साध्या मोबाइलवरसुद्धा चालवायचा होता आणि युनिटीचा नावलौकिक त्याच कामासाठी आहे. दुसरे उदाहरण पुण्याचे. तेथील नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा गटाने ‘राजी’ हा खेळ तयार केला. त्यात राजी नावाची मुलगी आपल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघते. जुने राजवाडे, मंदिरे, दिव्यांचा उजेड हे सगळे त्यांना डोळ्यांत भरेल असे दाखवायचे होते. म्हणून त्यांनी अनरियल हे इंजिन निवडले. लोकांकडून वर्गणी जमवण्याचा त्यांचा २०१७ सालचा प्रयत्न अपुरा पडला. तरीही त्यांनी काम सोडले नाही आणि २०२० साली खेळ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी नव्या स्वतंत्र निर्मात्यांच्या खेळांसाठी असलेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पुरस्काराच्या यादीत त्याचे नाव आले.

एकाच राज्यातील या दोन गटांनी दोन निराळी इंजिने घेतली. कोणाची निवड बरोबर आणि कोणाची चूक, हा प्रश्नच येथे गैरलागू आहे. मात्र दोन्ही ठिकाणी पोट भरण्यासाठी दिवसभर तेच काम करणारी माणसे होती. तुम्ही हौशी आहात. तुमच्याकडे आठवड्यातून दोन-तीन तास आहेत, शाळेतला किंवा भावाचा जुना संगणक आहे आणि वर्षाअखेरीस परीक्षाही आहे. चुकीचे इंजिन धरले तर त्यांचे काही पैसे जातील; तुमचे मात्र सबंध वर्ष जाईल आणि हाती खेळ पडणार नाही. कित्येक मुले अशीच उत्साहाने सुरुवात करतात, संगणक सारखा अडकतो आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर ती तो नाद सोडून देतात. खरे म्हणजे त्यांच्यात काही कमी नसते. गाडी लहान आणि इंजिन भलतेच अवजड, एवढेच झालेले असते.

अवजड म्हणजे किती, तेही पाहू. अनरियलसाठी ३२ जीबी स्मृती असलेला संगणक घ्यावा, अशी ते बनवणाऱ्यांचीच शिफारस आहे. ते उतरवून घेताना कित्येक जीबी माहिती खर्च होते आणि संगणकात त्याला भरपूर जागा लागते. युनिटी त्यापेक्षा हलके असले तरी तेही काही जीबींचे आहे. गोडो नावाचे तिसरे इंजिन मात्र अगदी सुटसुटीत आहे. त्याची फाइल मोबाइलवर पाहिल्या जाणाऱ्या एखाद्या लांबलचक चित्रफितीएवढीच असते. ती पेन ड्राइव्हवर मित्राकडून आणता येते आणि संगणकात बसवण्याचा खटाटोप न करता तशीच उघडता येते. गोडोची अँड्रॉइडवर चालणारी आवृत्तीही आहे. ज्यांच्या घरी संगणक नाही, फक्त मोबाइल आहे, त्यांना तिचा उपयोग होईल. पण लहान पडद्यावर काम करताना डोळे शिणतात, हे ध्यानात ठेवा.

गोडोची कथा थोडी सांगण्याजोगी आहे. दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना या देशात हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सुर या दोघांनी ते आपल्या कामासाठी लिहिले होते. २०१४ साली त्यांनी ते सर्वांसाठी खुले केले. म्हणजे त्याची संपूर्ण आज्ञावली कोणीही वाचावी, बदलावी आणि फुकट वापरावी. त्याचे नाव सॅम्युएल बेकेट यांच्या एका गाजलेल्या नाटकावरून ठेवले आहे. त्या नाटकात दोन माणसे गोदो नावाच्या माणसाची वाट पाहत बसतात आणि तो काही येत नाही. इंजिनात कितीही सुधारणा केल्या तरी ते पूर्ण झाले असे कधी होणार नाही, अशी त्या नावामागची गंमत आहे. नावाचा उच्चार कसा करावा याबद्दल जाणत्यांतही वाद आहेत. तो वाद आपण त्यांच्यावरच सोपवू.

आता पैशांचा प्रश्न. ‘फुकट’ हा शब्द ऐकून लगेच हुरळून जाऊ नये. फुकट कोणत्या अटीवर, ते विचारावे. अनरियल शिकण्यासाठी फुकट मिळते. खेळ विकून दहा लाख डॉलरपेक्षा जास्त उत्पन्न झाले, तर त्यावरील रकमेवर साधारणपणे पाच टक्के हिस्सा द्यावा लागतो. युनिटीही लहान निर्मात्यांना फुकट मिळते. वर्षाचे उत्पन्न दोन लाख डॉलरच्या पुढे गेले की पैसे भरून परवाना घ्यावा लागतो. तुमच्या शकुंतलेला दोन लाख डॉलर मिळाले, तर तो हिस्सा तुम्ही आनंदाने द्याल.

पण परवान्याच्या अटी बदलू शकतात, हे २०२३ साली सर्वांना कळले. त्या वर्षी सप्टेंबर महिन्यात युनिटी कंपनीने एक नवी आकारणी जाहीर केली. ठराविक मर्यादेपलीकडे गेलेला खेळ जितक्या वेळा नव्याने कोणाच्या यंत्रात बसवला जाईल, तितक्या वेळा निर्मात्याने पैसे द्यायचे, असा तो नियम होता. जगभरातील निर्माते संतापले. ज्यांनी चार-चार वर्षे खपून खेळ बांधले होते, त्यांना वाटले की गाडी अर्ध्या वाटेत असताना तिकिटाचे दर बदलले. काही दिवसांतच कंपनीला नियम सौम्य करावा लागला आणि वर्षभरानंतर, सप्टेंबर २०२४ मध्ये, तो पूर्णपणे मागे घ्यावा लागला. दरम्यान पुष्कळ लोक गोडोकडे वळले होते. ‘टेरेरिया’ या खेळाच्या निर्मात्यांनी तर स्वतः गोडो वापरत नसतानाही त्याच्या कामासाठी एक लाख डॉलरची देणगी दिली.

हिशेबाने पाहिले तर त्या नियमाची झळ तुमच्यासारख्या हौशी मुलांना मुळीच लागली नसती. तरीही प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे. जे इंजिन एका कंपनीच्या मालकीचे आहे, त्याच्या अटी ती कंपनी ठरवते. जे खुले आहे, त्याची तुमच्याजवळ असलेली प्रत कोणी परत घेऊ शकत नाही. (‘हिशेब’ हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटला असेल. तो तुमच्या ‘हिसाब’चाच सख्खा भाऊ आहे.)

यापुढचा मुद्दा इंग्रजी पुस्तकांत सहसा एका कोपऱ्यात असतो. आपल्यासाठी तो सर्वांत महत्त्वाचा आहे. मुद्दा लिपीचा आहे. शकुंतलेच्या स्थानकांची नावे उर्दूत आणि मराठीत दिसावीत, असे आपण पानावर लिहिले होते. हे सोपे वाटते, पण येथेच भलेभले इंजिन अडखळते.

इंग्रजी अक्षरे सुटी सुटी असतात. एकापुढे एक मांडली की शब्द तयार होतो. उर्दूचे तसे नाही. ‘सलाम’ हा शब्द तुम्ही सीन, लाम, अलिफ आणि मीम या चार हर्फांनी लिहिता. पण सीन शब्दाच्या आरंभी आला की त्याचे रूप बदलते, लाम मध्ये आला की त्याचे रूप बदलते, आणि दोघे पुढच्या हर्फाला जोडले जातात. शिवाय शब्द उजवीकडून डावीकडे जातो. त्यातच ‘७६’ सारखी संख्या आली की ती मात्र डावीकडून उजवीकडे लिहायची. इंजिनाला हे नियम माहीत नसतील, तर पडद्यावर चार सुटे हर्फ दिसतात, आणि तेही उलट्या क्रमाने. असा सलाम कोणाला कळणार?

देवनागरीची अडचण वेगळी आहे. ‘किल्ला’ हा शब्द पाहा. संगणकाच्या स्मृतीत आधी ‘क’ असतो आणि मग ऱ्हस्व वेलांटी. पण लिहिताना वेलांटी ‘क’च्या आधी काढावी लागते. पुढचे ‘ल्ला’ हे जोडाक्षर आहे. नियम न जाणणारे इंजिन वेलांटी ‘क’च्या पुढे टाकते आणि जोडाक्षर फोडून त्याला पाय मोडलेला ‘ल्’ लावते. म्हणजे उर्दू आणि मराठी या दोन लिपी दिसायला कितीही निराळ्या असल्या, तरी इंजिनापुढे त्यांचे दुखणे एकच आहे. दोघींनाही अक्षरांची जुळणी समजणारे इंजिन हवे.

युनिटीच्या नेहमीच्या पद्धतीत ही जुळणी बरीच वर्षे नीट होत नव्हती. उर्दू-अरबी लिहिणाऱ्यांनी त्यासाठी स्वतंत्र जोडण्या तयार केल्या आणि आजही पुष्कळ जण त्या वापरतात. अनरियलमध्ये ही सोय आहे, पण त्याचे वजन आपण पाहिलेच. गोडोमध्ये ती मार्च २०२३ मध्ये आली, चौथ्या आवृत्तीबरोबर. तिच्या आधीच्या आवृत्त्यांत ती नव्हती. म्हणून मित्राकडून गोडो आणाल तेव्हा आवृत्तीचा आकडा अवश्य पाहा. चौथ्या आवृत्तीत आणखी एक सोय आहे : खेळाची भाषा उर्दू निवडली, की यादी, बटने वगैरे पडद्याची मांडणीही उजवीकडून सुरू करता येते.

अक्षरांचा साचा, म्हणजे फाँट, वेगळा घ्यावा लागतो. उर्दूसाठी ‘नोटो नस्तालीक उर्दू’ आणि मराठीसाठी मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ हे दोन्ही फुकट मिळतात. नस्तालीकमध्ये अक्षरे उतरत उतरत लिहिली जातात, त्यामुळे ओळीला उंची जास्त लागते. देवनागरीच्या मापाने पाटी आखली, तर नस्तालीकचे नुक्ते कापले जातील. म्हणून पाटीची उंची उर्दू पाहून ठरवा. मराठी तीत आरामात बसेल.

आणि इंजिनाला लिपी येतच नसेल तर? तेव्हाही एक वाट उरते. स्थानकाची पाटी खेळभर बदलत नाही. ती कागदावर लिहा, तिचा फोटो काढा आणि चित्र म्हणून खेळात ठेवा. तुमच्या वर्गात ज्याची खुशखत उत्तम आहे, त्याच्याकडून ‘मूर्तिजापूर’ लिहून घ्या. कोणत्याही फाँटपेक्षा ती पाटी देखणी दिसेल. पण गुण, वेळ, प्रवाशांची संख्या ही क्षणोक्षणी बदलणारी माहिती आहे. तिचे फोटो किती काढणार? तेथे लिपी जाणणारे इंजिनच हवे.

आणखी दोन साधने सांगायची राहिली. ज्याने आज्ञावलीची एकही ओळ लिहिलेली नाही, त्याने स्क्रॅच घ्यावे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत मिचेल रेसनिक यांच्या गटाने ते मुलांसाठी तयार केले आणि २००७ साली प्रसिद्ध केले. त्यात आज्ञा टंकित कराव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांना जोडले की काम होते. फारसी आणि अरबी निवडली की ठोकळेही उजवीकडून लागतात. शकुंतला धावणे, गायीशी टक्कर होणे, गुण वाढणे, हे सर्व स्क्रॅचमध्ये आठ-दहा दिवसांत जमते. मोठी मुले त्याला पोरखेळ म्हणून नाक मुरडतात. मुरडू द्या. ज्याचा खेळ पूर्ण झाला आहे, त्याला बोलण्याचा अधिकार जास्त.

दुसरे साधन म्हणजे संगणकावरचा ब्राउझर. तो इंजिन नाही, पण उर्दू आणि मराठी दोन्ही त्याला उत्तम लिहिता येतात, कारण त्याचे रोजचे कामच ते आहे. जावास्क्रिप्ट ही भाषा थोडी शिकलात, तर साधे नोटपॅड आणि ब्राउझर एवढ्यावर लहान खेळ तयार होतो. जुन्यात जुना संगणकही त्याला नाही म्हणत नाही.

निवड करताना मी एक युक्ती सुचवीन. मनात दोन नावे पक्की करा आणि प्रत्येकाला एकच संध्याकाळ द्या. त्या संध्याकाळी सुंदर चित्रे काढत बसू नका. एक साधा चौकोन पडद्यावर आणा. तो गाडी आहे असे समजा. बाण दाबला की तो सरकला पाहिजे. दुसऱ्या चौकोनावर, म्हणजे गायीवर, आदळला की थांबला पाहिजे. मग पडद्यावर ‘सलाम’ उर्दूत आणि ‘किल्ला’ मराठीत लिहून पाहा. शेवटी तो खेळ शाळेतल्या सर्वांत मंद संगणकावर चालवा. ज्या इंजिनात हे सारे झोपण्यापूर्वी उरकले, ते तुमचे. ज्यात अर्धा वेळ पट्टी पुढे सरकण्याची वाट पाहण्यात गेला, त्याला पुढच्या वर्षी भेटा. गावात कोणी आधीच एखादे इंजिन वापरत असेल, तर तेही विचारात घ्या. रात्री अडल्यावर ज्याला विचारता येते असा शेजारी, ही मोठी सोय आहे.

एकदा निवड झाली की खेळ पुरा होईपर्यंत दुसऱ्या इंजिनाकडे पाहू नये. नवी आवृत्ती आली म्हणून मध्येच ती घेण्याची घाईही करू नये. एका इंजिनात शिकलेला विचार, म्हणजे टक्कर कशी ओळखावी, वेग कसा वाढवावा, हा दुसऱ्या इंजिनात तुमच्यासोबत येतो. फायली मात्र येत नाहीत. म्हणून काढलेली चित्रे, नोंदवलेले आवाज आणि दोन्ही लिपींतल्या पाट्या एका स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवा. ते इंजिनाचे नाहीत, तुमचे आहेत. त्या फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक घरातल्या मोबाइलवर असू द्या. वऱ्हाडात उन्हाळ्यात वीज कधी जाईल, याचा नेम नसतो.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शकुंतला रेल्वेचे वाफेचे इंजिन कधी काढून घेण्यात आले?
(आ) गोडो हे इंजिन कोणत्या देशात तयार झाले?
(इ) ‘राजी’ या खेळाच्या निर्मात्यांनी कोणते इंजिन निवडले?

प्र. २. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) रेल्वेचे इंजिन बदलणे आणि खेळाचे इंजिन बदलणे यांत कोणता फरक आहे?
(आ) उर्दू आणि देवनागरी या लिपींची अडचण इंजिनापुढे एकच आहे, असे लेखक का म्हणतो?

प्र. ३. वाक्यांत उपयोग करा : रमतगमत जाणे, हुरळून जाणे, नाक मुरडणे, नेम नसणे.

प्र. ४. ‘हिशेब’, ‘दरवाजा’, ‘किल्ला’ यांसारखे उर्दूतही असलेले आणखी पाच शब्द मराठी वर्तमानपत्रातून शोधा आणि ते दोन्ही लिपींत लिहा.

उपक्रम : तुमच्या गावाजवळची एखादी जागा निवडा. तेथे घडणाऱ्या खेळाला काय काय लागेल, त्याचे एक पान तयार करा.